तलवार न गाजवता इंग्रजांना मावळात अडवणारे नाना फडणवीस

मळवली स्टेशनवर उतरलं की लोहगड दिसतो. वीकेंडला येणारे बरेच जण विंचूकाट्यावर रील काढतात आणि खाली उतरतात. गडावरची मोठी बाव नाना फडणवीसांच्या काळातली आहे, हे त्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असतं. नानांच्या कारकिर्दीतला एक मोठा विजयही याच परिसरातला.

बाळाजी जनार्दन भानू हे त्यांचं मूळ नाव. जन्म १७४२ चा, साताऱ्यातला. घराण्याकडे पेशव्यांची फडणिशी होती, म्हणजे हिशेब आणि कागदपत्रांचं काम. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते पानिपतात होते. तिथे आई गमावली, स्वतः कसेबसे परतले. आपण लढवय्ये नाही हे त्यांना पक्कं कळलं होतं आणि त्यांनी तसा आवही कधी आणला नाही.

१७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. संशयाची सुई चुलते रघुनाथरावांकडे होती. मग नाना, सखारामबापू बोकील आणि इतर कारभारी एकत्र आले. हेच बारभाई. नारायणरावांच्या तान्ह्या मुलाची, सवाई माधवरावांची गादी टिकवायची, हे एक काम त्यांनी सगळ्यांच्या वर ठेवलं.

रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. १७७८ च्या अखेरीस त्यांना गादीवर बसवायला मुंबईहून इंग्रजी फौज निघाली. बोरघाट चढून ती मावळात आली. मैदान गाजवण्याची जबाबदारी महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके यांच्यावर होती. नानांची ताकद बातम्यांत होती. त्यांचे बातमीदार ठिकठिकाणी पसरलेले होते आणि शत्रूच्या हालचाली त्यांना कळत होत्या.

समोरासमोर मोठी लढाई द्यायची नाही, वाटेतली वैरण आणि धान्य शत्रूला मिळू द्यायचं नाही, असा डाव होता. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. लोक त्याला आजही इष्टुर फाकडा म्हणतात. तळेगावला पोहोचलेल्या फौजेला गाव जळालेलं दिसलं. तोफा तळ्यात टाकून ती रातोरात मागे फिरली आणि वडगावला कोंडली गेली. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांना तह करावा लागला.

इंग्रजांनी नंतर तो तह नाकारला. तेव्हा नानांनी जुनी वैरं बाजूला ठेवून निजाम, हैदरअली आणि नागपूरकर भोसल्यांना सोबत घेतलं.

बाहेर इतके सावध असलेले नाना शनिवारवाड्यात मात्र चुकले. सवाई माधवराव मोठे झाले, तरी कारभाराच्या दोऱ्या नानांनी सोडल्या नाहीत. १७९५ मध्ये तरुण पेशवे वाड्यातून खाली पडून गेले. तो अपघात होता की आत्महत्या, यावर वाद आहेत. मग दुसरे बाजीराव आले, आणि दौलतराव शिंद्यांनी नानांना कैद करून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. सुटकेनंतर ते पुन्हा कारभारात आले, पण जुना दरारा उरला नव्हता.

१३ मार्च १८०० ला पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांच्या पत्नी जिऊबाईंना पुण्यात सुरक्षित वाटेना. त्यांनी आसरा घेतला तो लोहगडावर, नानांचे विश्वासू धोंडोपंत यांच्याकडे.