जागा पेशंट, उघडा मेंदू

डिसेंबर १९२८. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये सदतीस वर्षांचा एक सर्जन ऑपरेशन करत होता आणि टेबलावर होती त्याची सख्खी थोरली बहीण, रूथ. मेंदूच्या पुढच्या भागात, उजवीकडे भलामोठा ट्यूमर. त्याने तो भाग जवळजवळ सगळा काढला, तरी गाठ पूर्ण निघाली नाही.

रूथ आपल्या सहा मुलांकडे घरी परतली. बोलणं, आठवण, वागणं, सगळं ठीक वाटत होतं. वर्षभरानंतर भाऊ तिच्याकडे जेवायला गेला. एक पाहुणा, घरचे चार जण, एवढाच स्वयंपाक. सामान सगळं काढून ठेवलेलं, पण आधी काय आणि नंतर काय, हेच तिला जमेना. ती पार गोंधळून गेली होती. पुढे पुन्हा ऑपरेशन झालं, तरी ती वाचली नाही. १९३५ मध्ये भावाने सहकाऱ्यासोबत हा अनुभव शोधनिबंधात मांडला. आपल्याच बहिणीची ‘केस’ लिहायची, हे वाचताना जरा अस्वस्थ व्हायला होतं. पण मेंदूचा पुढचा भाग आखणी करतो, हे कळायला त्या अर्धवट स्वयंपाकाची मदत झाली.

हा सर्जन म्हणजे वाइल्डर पेनफिल्ड. जन्म १८९१, अमेरिकेत. प्रिन्स्टनला शिकले, तिथे फुटबॉलचं कोचिंगही केलं. मग ऱ्होड्स स्कॉलरशिपवर ऑक्सफर्ड, तिथे गुरू मिळाले चार्ल्स शेरिंग्टन. १९१६ मध्ये इंग्लिश खाडीत त्यांच्या जहाजावर टॉर्पेडो आदळला, त्यातून जखमी होऊन वाचले. १९३४ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून त्यांनी मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी केली.

तिथे मुख्य काम होतं फिट्सच्या म्हणजे एपिलेप्सीच्या पेशंट्सचं. ज्या जागेवरून फिट सुरू होते ती काढायची, पण भाषेची किंवा हाताची जागा चुकून कापली तर? म्हणून पेशंटला चक्क जागं ठेवायचं. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत, त्यामुळे फक्त डोक्याची त्वचा बधिर केली की भागतं. मग इलेक्ट्रोडने हलकासा करंट द्यायचा आणि विचारायचं, काय वाटलं? बोट हललं, जीभ झिणझिणली, की मेंदूवर त्या जागी आकडा लिहिलेला कागदाचा छोटा तुकडा ठेवायचा. सहकारी हर्बर्ट जॅस्पर उघड्या मेंदूवरूनच विद्युतलहरींचं रेकॉर्डिंग करत. सायकॉलॉजीच्या पुस्तकातला तो अगडबंब ओठांचा आणि हातांचा माणूस, होमंक्युलस, याच नकाशांतून १९३७ मध्ये जन्मला. या सगळ्यात पेशंट नुसता पडून नसे, माहिती देणारा तोच असे.

कानाजवळच्या टेम्पोरल लोबला करंट दिला की काही जणांना गाणं ऐकू येई, जुना प्रसंग समोर उभा राही. पेनफिल्डना वाटलं, मेंदू आयुष्याची अख्खी टेप साठवतो! मीडियाला ही कल्पना फार आवडली, आजही आवडते. पण त्यांच्याच आकडेवारीत असे पेशंट ५२० पैकी फक्त ४० होते. आठवण ही टेप नसून दर वेळी नव्याने जुळवली जाते, असं नंतरच्या संशोधकांनी दाखवलं. इथे पेनफिल्ड पुराव्याच्या पुढे धावले, असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र त्यांना शेवटपर्यंत छळत राहिली. करंटने पेशंटचा हात हले, पण पेशंट सांगे की हे मी केलं नाही, डॉक्टरांनी केलं. करंटने कुणाला निर्णय घ्यायला लावता आलं नाही. मेंदूपलीकडे मन वेगळं असावं, या मताकडे ते झुकले. १९७५ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, बरेच न्यूरोसायंटिस्ट त्याच्याशी सहमत नव्हते. ५ एप्रिल १९७६ रोजी ते गेले.

आज अशा ऑपरेशन्समध्ये केसाहून बारीक तारा एकेका पेशीचे सिग्नल टिपतात. पेशंट अजूनही बऱ्याचदा जागा असतो, चित्रं ओळखतो, शब्द लक्षात ठेवतो. अर्थात, त्याची संमती घेऊनच.