समुद्राची मोजदाद करणारे प्राध्यापक

भर महासागराचें निळेंभोर पाणी पाहून तें जीवसृष्टीनें गच्च भरलेलें असेल, असें कोणासहि वाटेल. परंतु तो गडद निळा रंग बहुधा दारिद्र्याची खूण असतो. ही गोष्ट प्रत्यक्ष मोजून दाखविणाऱ्या व्हिक्टर हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाचें अल्प चरित्र आम्ही आमच्या वाचकांस सादर करीत आहों.

हेन्सेन यांचा जन्म १८३५ सालीं श्लेस्विग या गांवीं झाला. वैद्यकाचें अध्ययन करून ते कील येथील विद्यापीठांत शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. मनुष्याच्या कानांतील कांहीं पेशी अद्यापि त्यांच्याच नांवानें ओळखल्या जातात. कील हें बंदर. तेव्हां कोळ्यांच्या उपजीविकेचा प्रश्न त्यांच्या नित्य डोळ्यांपुढें असे. समुद्रांत मासे किती, हें ठरवावयाचें तर त्यांचें अन्न किती, हें आधीं कळलें पाहिजे, असें त्यांस वाटूं लागलें. कुरणांतील गवत पाहूनच शेतकरी आपण गुरें किती पोसूं शकूं हें ताडतो ना? प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या सूक्ष्म वनस्पति व प्राणी हेंच समुद्राचें कुरण होय. त्यांस १८८७ सालीं हेन्सेन यांनीं भटकणें या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून प्लँक्टन असें नांव दिलें. मराठींत आपण त्यांस प्लवक म्हणतों.

१८८९ च्या जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत ‘नॅशनल’ नामक आगबोटींतून त्यांनीं अटलांटिक महासागराची सफर केली. पीठ चाळण्याच्या अतिसूक्ष्म रेशमी कापडाचीं जाळीं ते खोल सोडीत, आणि वर आलेले जीव सूक्ष्मदर्शकाखालीं अक्षरशः मोजवीत. उष्ण प्रदेशांत जमिनीवर अरण्यें दाट असतात; तेव्हां तेथील समुद्रहि समृद्ध असावा, असा पुष्कळांचा समज होता. आढळलें तें उलटेंच. उत्तरेकडील थंड पाण्यांत जाळें भरून येई. सारगासो समुद्राच्या उबदार निळ्या पाण्यांत मात्र तें जवळजवळ रिकामें येई.

या निष्कर्षानें वादळ उठलें. येना येथील सुप्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ हेकेल यांनीं १८९० सालीं टीकाग्रंथ लिहून ही सारी मोजणी निरर्थक ठरविली. प्लवक कोठें दाट तर कोठें विरळ असतात, हा त्यांचा आक्षेप खरा होता. सफरीस बादशहांचें साहाय्य मिळालेलें होतें. ती फुकट गेली असें ठरतें तर हेन्सेन यांची अब्रू गेली असती. परंतु त्यांनीं मोजणें सोडलें नाहीं.

जाळ्यांतहि एक उणीव होती, आणि ती हेन्सेन यांच्याच शिष्यानें, लोमान यांनीं, उघडकीस आणली. कांहीं सागरी प्राणी स्वतःच्या अंगची नाजूक चाळणी वापरून अन्न गाळतात. त्या चाळणींत रेशमी जाळ्यांतून निसटणारे असंख्य जीव लोमान यांस सांपडले. पुढें १९८८ सालीं तर अमेरिकन विदुषी सॅली चिझम व त्यांचे सहकारी यांनीं प्रोक्लोरोकॉकस हा इतका लहान हरित जीव जगापुढें आणला कीं, एका मिलिमीटरांत ते दीड हजारांवर ओळीनें बसतील.

तरीहि हेन्सेन यांचा मुख्य निष्कर्ष टिकला. उष्ण समुद्रांत तापलेलें हलकें पाणी थंड पाण्यावर झांकणासारखें पसरतें. त्यामुळें तळाकडील नत्र, स्फुरद इत्यादि खत वर येत नाहीं. थंड समुद्रांत हिंवाळीं तें घुसळून वर येतें. म्हणून निळ्या समुद्रांतील प्लवकांचा संसार काटकसरीचा असतो. एक जीव दुसऱ्यानें खाल्ला वा मेला, कीं त्याच्या देहांतील क्षार पाण्यांत सुटतात आणि तिसरा ते तत्काळ शोषून घेतो. तीच शिदोरी पुन्हां पुन्हां वांटली जाते. तळाशीं फारच थोडी गळून जाते.

हेन्सेन १९२४ सालीं कील येथें निवर्तले. त्यांची चाळणी अपुरी होती, पण हिशेब प्रामाणिक होता. म्हणूनच पुढील पिढीस तो दुरुस्त करतां आला. विद्यार्थ्यांनो, मोठ्या नांवापुढें दबून आपला खरा हिशेब खोडूं नका, आणि त्यांतील चूक कोणी दाखविली तर तिचा स्वीकार करा, एवढेंच आमचें सांगणें आहे.