शिवराम जानबा कांबळे : विजयस्तंभापाशी समाजाला एकत्र आणणारा पुण्याचा कार्यकर्ता

दरवर्षी १ जानेवारीला पेरणे फाट्यावर लाखोंचा जनसागर लोटतो. विजयस्तंभाला मानवंदना देऊन कित्येक जण भीमा ओलांडतात आणि शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला गोविंद गोपाळ महार यांच्या समाधीपर्यंत जातात. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब या स्तंभापाशी आले होते, हे आपल्या शाळकरी मुलांनाही माहीत असते. पण त्या दिवशी तिथे सभा भरवण्यामागे कोण होते, असे विचारले तर आपल्यातले अनेक कार्यकर्ते गप्प होतात. ते नाव आहे शिवराम जानबा कांबळे.

कांबळे यांचा जन्म १८७५ चा, म्हणजे ते बाबासाहेबांपेक्षा सोळा वर्षांनी मोठे. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये ते बटलर होते. हातात मोठी पदवी नाही, पाठीशी संस्थान नाही की शेठजी नाही. पोटापाण्याची नोकरी सांभाळून उरलेला वेळ त्यांनी समाजाला दिला.

त्या काळात समाजावर मोठा घाव बसला होता. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत कंपनीच्या पलटणीत महार शिपाई लढले होते. स्तंभावर कोरलेल्या नावांत 'नाक' हा प्रत्यय असलेली २२ नावे आहेत. त्याच समाजाची लष्करभरती इंग्रज सरकारने १८९२-९३ च्या सुमारास बंद केली. पलटणीची वाट बंद झाली, म्हणजे पगार, पेन्शन, शिक्षण आणि गावकीच्या जाचातून सुटण्याचा मार्ग एकदम गेला. पुढे राहिले ते वतनाचे काम आणि शिळी भाकर.

यावर कांबळे यांनी काय केले? विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी सासवडला ५१ गावांतल्या महारांची सभा बोलावली. समाजमाध्यमे सोडा, वाडीवस्तीवर टपालही धड पोचत नव्हते अशा काळातली ही गोष्ट आहे. सभेतून सरकारकडे अर्ज गेला. १९०४ मध्ये त्यांनी सोमवंशीय हितचिंतक मित्र समाज ही संस्था उभी केली. १ जुलै १९०८ पासून 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केले. 'मूकनायक' निघण्याच्या साडेअकरा वर्षे आधी पुण्यातला एक बटलर अस्पृश्यांचे मासिक चालवत होता, हे आम्हाला फार मोठे वाटते.

या मासिकाने घरातल्या अंधारालाही हात घातला. जेजुरीच्या खंडोबाला मुली सोडण्याची, त्यांना मुरळी करण्याची चाल आपल्याच वस्त्यांत होती. कांबळे यांनी तिच्यावर सतत लिहिले. शिवूबाई नावाच्या मुरळीने या मासिकातून आपली कैफियत मांडली आणि कांबळे यांच्या एका सहकाऱ्याने तिच्याशी लग्न केले. समाजाने आपल्यातला अन्यायही पाहिला पाहिजे, हा धडा त्यांनी कृतीतून दिला.

१९१० मध्ये दख्खनच्या महारांची परिषद भरली. तिच्या वतीने थेट भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे अर्ज गेला. पोलीस, लष्कर आणि सरकारी नोकरीच्या खालच्या जागा तरी आमच्या लोकांना खुल्या करा, ही मागणी होती. ५१ गावांपासून सुरू झालेले काम आता जिल्ह्याच्या वेशीबाहेर गेले होते. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, महारांची पलटण उभी राहिली, पण १९२१ मध्ये ती मोडली गेली. कायमची महार रेजिमेंट यायला १९४१ उजाडले. एका अर्जाने दार उघडत नाही, पुन्हा पुन्हा ठोठवावे लागते.

आता १९२७ कडे वळू. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली होती. त्या सभेला मुंबई इलाखाभर पोचायचे तर गावोगावी ओळख असलेले स्थानिक कार्यकर्ते हवे होते. पुणे भागात अशी ओळख कांबळे यांनी पंचवीस वर्षे राबून कमावली होती. कोरेगावच्या सभेत ती माणसे तरुण बाबासाहेबांसमोर बसली. पुढच्या अडीच महिन्यांत महाडचा सत्याग्रह झाला. वयाने आणि कामाने वडील असलेल्या माणसाने नव्या नेतृत्वासाठी जागा करून दिली. संघटनेत हे किती अवघड असते, ते आपल्या गटातटांकडे पाहून कळते.

ऑक्टोबर १९२९ मध्ये पर्वती मंदिर सत्याग्रह झाला, तेव्हा पन्नाशी ओलांडलेले कांबळे पुन्हा पुढे होते. सत्याग्रहींवर दगड पडले. त्यांच्यासोबत पां. ना. राजभोज होते, जातीने चांभार. हेच राजभोज पुढे अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस झाले.

कांबळे यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. त्यांचा भरवसा इंग्रज सरकारच्या न्यायबुद्धीवर फार होता. देवळाचे दार उघडेल अशी आशा त्यांनी बाळगली. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि ती आशाच मागे टाकली. १९५६ चा धम्मदीक्षेचा दिवस पाहायला कांबळे उरले नव्हते. पण ज्या मातीत ते बीज रुजले, ती नांगरणाऱ्यांत ते होते.

डिसेंबर २०१७ च्या अखेरीस वढू बुद्रुकला गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळच्या फलकावरून वाद झाला आणि १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला. तेव्हापासून आपण १ जानेवारीला अधिक जोमाने जमतो, ते योग्यच आहे. पण २ जानेवारीला बस निघून गेल्यावर शिरूर-दौंडच्या वस्तीत कोण उरते, हा आमचा प्रश्न आहे. गायरानाचा अर्ज, अडकलेली शिष्यवृत्ती, ॲट्रॉसिटीच्या केसमधला साक्षीदार यांच्यामागे वर्षभर उभा राहणारा माणस हवा. राज्यपातळीवरचा पक्ष किंवा संघटना मोठी दिसते, पण तिचे बळ अशा माणसांच्या वहीतल्या नावांत असते.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे एवढेच : यंदा आपापल्या भागातल्या ५१ गावांची यादी करा. प्रत्येक गावात एक माणूस जोडा. त्यांचे प्रश्न लिहून काढा, अर्ज करा, पाठपुरावा करा. शिवराम जानबा कांबळे यांना हेच खरे अभिवादन ठरेल.

जय भीम! नमो बुद्धाय!