उद्योजकाची कहाणी शास्त्रात आणणारे शुम्पीटर

उद्योजकाला अर्थशास्त्रात मध्यवर्ती स्थान मिळवून देणारे विचारवंत म्हणून जोसेफ शुम्पीटर सर्वपरिचित आहेत. मात्र, उद्योजक समजून घ्यायचा तर सूत्रे आणि आकडेवारी पुरेशी नाही, त्याची कहाणीही सांगावी लागते, हा त्यांचा आग्रह तुलनेने अपरिचित राहिला.

तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील मोराविया प्रांतात ८ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा जन्म झाला. ते चार वर्षांचे असतानाच कापड कारखानदार असलेल्या वडिलांचे निधन झाले. व्हिएन्ना विद्यापीठातून १९०६ मध्ये कायद्याची डॉक्टरेट घेतल्यावर ते अध्यापनाकडे वळले. नवे उत्पादन, नवी पद्धत, नवी बाजारपेठ यांची सांगड घालणारा उद्योजकच विकासाचा कर्ता होय, हा सिद्धांत त्यांनी १९११ च्या ग्रंथात मांडला.

व्यवहारातील जोखीमही त्यांनी अनुभवली. १९१९ मध्ये काही महिने ते ऑस्ट्रियाचे अर्थमंत्री होते. १९२१ मध्ये ते एका खासगी बँकेचे अध्यक्ष झाले. परंतु १९२४ च्या शेअर बाजारातील पडझडीत संपत्ती गेली आणि पुढील अनेक वर्षे कर्जफेडीत सरली. १९२६ मध्ये आई, पत्नी आणि नवजात पुत्र यांचा मृत्यू ओढवला. १९३२ मध्ये ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात कायमचे दाखल झाले.

अर्थशास्त्रात गणिताचा पुरस्कार करणाऱ्या इकॉनॉमेट्रिक सोसायटीचे ते १९३० पासूनचे संस्थापक सदस्य. तरीही १९३९ च्या व्यापारचक्रांवरील द्विखंडात्मक ग्रंथात त्यांनी रेल्वे, कापड आणि वीज उद्योगांचा इतिहास तपशिलाने मांडला. १९४७ च्या निबंधात त्यांनी त्यामागील कारण स्पष्ट केले. उद्योजकाचा सर्जनशील प्रतिसाद घडून गेल्यावर समजतो. पूर्वस्थितीवरून तो आधी वर्तवता येत नाही. त्यामुळे कोणी, केव्हा, कोणत्या परिस्थितीत काय केले, याचा वृत्तान्त हाच संशोधनाचा पाया ठरतो.

याच विचाराला बळ देणारे उद्योजकीय इतिहासाचे संशोधन केंद्र १९४८ मध्ये आर्थर कोल यांच्या नेतृत्वाखाली हार्वर्डमध्ये सुरू झाले. शुम्पीटर यांचा त्यात सहभाग होता. ८ जानेवारी १९५० रोजी त्यांचे निधन झाले आणि १९५८ मध्ये केंद्रही बंद पडले. तथापि, तेथे घडलेल्या आल्फ्रेड चँडलर यांनी पुढे कंपन्यांच्या इतिहासातून व्यवस्थापनाचा सिद्धांत उभा केला. त्यांच्या ग्रंथाला १९७८ मध्ये पुलित्झर पारितोषिक लाभले. शुम्पीटर यांनी आग्रहाने दाखवलेली वाट अशा रीतीने पुढच्या पिढीने रुंद केली.