सावड ते सहकार : विठ्ठलराव विखे पाटील

मिरजगाव (जि. अहिल्यानगर) : एकमेकांचे बैल आणि मनुष्यबळ उसने घेऊन पेरणी उरकण्याची सावड मिरजगावसारख्या जिराईत टापूत जुन्या पिढीच्या चांगल्या परिचयाची. तिची नोंद कोठे होत नसे. दिलेला शब्द पुरत असे. सावकाराच्या दारात मात्र शब्द नव्हे, कर्जखत चाले. १८७५ मध्ये याच जिल्ह्यातील श्रीगोंदे, पारनेर भागांत शेतकऱ्यांनी ही खते जाळली. खते जळाली, कर्ज तसेच राहिले. त्यावर वेगळा मार्ग शोधणारे विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील यांचा जन्म १८९७ मध्ये जिल्ह्याच्या उत्तर भागातील लोणी बुद्रुक येथे शेतकरी कुटुंबात झाला.

शालेय शिक्षण बेताचेच. तरीही १९२३ मध्ये त्यांनी लोणीत सहकारी पतपेढी उभी केली. अशा पतपेढीत देणारे आणि घेणारे दोघेही भाऊबंद असतात. वसुलीच्या वेळी भीड आड येते आणि सावडीतला जिव्हाळाच अडचणीचा ठरतो. म्हणून हिशेब, सभा आणि ठराव यांची शिस्त लागते.

भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला. पण साखर कारखाने खासगी कंपन्यांचे होते. डिसेंबर १९४५ मध्ये बेलापूर येथे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली बागाईतदारांची परिषद भरली आणि शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्याच्या कल्पनेला बळ मिळाले. मुंबई प्रांताचे तत्कालीन मंत्री वैकुंठभाई मेहता यांचा पाठिंबा लाभला. भागभांडवल मात्र गावांतूनच यावयाचे होते. कागदावर अंगठा दिला की जमीन जाते, हाच ज्यांचा पिढीजात अनुभव, त्या शेतकऱ्यांना शेअरच्या कागदावर सही करावयास सांगणे सोपे नव्हते. विठ्ठलराव त्यासाठी गावोगाव फिरले. लोकांनी विश्वास टाकला तो आधी माणसावर, संस्थेवर नंतर.

१९४८ च्या अखेरीस संस्थेची नोंदणी झाली आणि १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम पार पडला. अध्यक्षपद गाडगीळ यांच्याकडे होते. विठ्ठलराव उपाध्यक्ष राहिले. ज्यांच्या शब्दावर पैसा जमला, त्यांनी दुसऱ्याच्या अध्यक्षतेखाली काम करावे, ही गोष्ट आज अधिक नवलाची वाटते. सभासदाचा ऊस कितीही असो, मत एकच. सरकारी भांडवलाबरोबर सरकारी देखरेखही आली. पुढे सहकारी कारखाने राजकारणाची शिडी बनले, अशी टीका झाली आणि ती निराधार नाही. संचालक मंडळ आले की निवडणूक आली, निवडणूक आली की गट आले.

१९६१ मध्ये पंतप्रधान पंडित नेहरू प्रवरानगरला आले. त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. १९६४ मध्ये प्रवरा पब्लिक स्कूल सुरू झाले. २७ एप्रिल १९८० रोजी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत कोपरगाव, राहुरी, संगमनेर येथे आणि एकेकाळी खते जाळणाऱ्या श्रीगोंद्यातही सहकारी कारखाने उभे राहिले होते.