शरीराचे पहारेकरी

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या बोटात कधीतरी काटा रुतला असेल. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते. कधी तेथे पूही होतो. असे का होते, याचा उलगडा करणाऱ्या एली मेचनिकॉफ यांची ही गोष्ट.

मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ साली खारकोव्हजवळच्या एका खेड्यात झाला. तेव्हा तो भाग रशियन साम्राज्यात होता. पुढे ते ओडेसा विद्यापीठात प्राध्यापक झाले. मुंबईत १८९७ साली प्लेगची लस स्वतःला टोचून घेणारे हाफकिन हे त्यांचेच विद्यार्थी!

१८८२ साली मेचनिकॉफ यांनी नोकरी सोडली व ते इटलीतील मेसिना या शहरी गेले. एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहायला गेली होती. ते मात्र सूक्ष्मदर्शकातून तारामाशाच्या पारदर्शक अळ्या पाहत होते. अळ्यांच्या शरीरात काही पेशी इकडून तिकडे फिरत होत्या. या पेशी शरीराचे रक्षण करत असतील का? त्यांनी बागेतून गुलाबाचे काटे आणून अळ्यांना टोचले. रात्रभर त्यांना झोप आली नाही. सकाळी पाहतात तो काय, काट्याभोवती पेशींचा घोळका जमला होता!

आपल्या रक्तातील काही पांढऱ्या पेशीही अशाच धावून येतात आणि रोगजंतूंना गिळून टाकतात. ही शक्ती आपल्याला जन्मतःच मिळते. परंतु अनेक नामवंत शास्त्रज्ञांना हे पटले नाही. मेचनिकॉफ खचले नाहीत. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ते वर्षानुवर्षे प्रयोग करत राहिले. रोगाशी लढणारे पदार्थ रक्तात असतात, असे पॉल एर्लिख यांचे मत होते. दोघांचेही म्हणणे खरे ठरले. १९०८ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले.

उतारवयात मेचनिकॉफ रोज आंबवलेले दूध घेत. त्यातील जिवाणू आतड्यांतील घातक जिवाणूंना रोखतात व आयुष्य वाढवतात, असे त्यांना वाटे. १९१६ साली पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

दह्याने आयुष्य वाढते, हे सिद्ध झालेले नाही. पण मेचनिकॉफ यांनी दाखवलेली वाट चुकीची नव्हती. भाज्या, डाळी व फळे यांतील तंतुमय भागापासून आतड्यांतील जिवाणू काही आम्ले तयार करतात. या आम्लांचा परिणाम पांढऱ्या पेशींच्या कामावर होतो, असे आता दिसून आले आहे. तेव्हा मित्रांनो, ताटातली भाजी बाजूला सारू नका. तुमच्या पहारेकऱ्यांनाही तिची गरज आहे.