डर्ट बाईक रस्त्यावर आणताय? आधी रोलर चेनच्या जनकाला भेटा

कोल्हापूर : ऑफ-रोड बाईक रोजच्या वापरासाठी तयार करायची म्हटलं, की उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये पहिली चर्चा होते ती हेडलाईट, इंडिकेटर आणि टायरची. चेनची आठवण शेवटी येते. पण इंजिनाची सगळी ताकद मागच्या चाकापर्यंत नेते ती चेनच. धावत्या बाईकची चेन तुटली तर क्रँककेस फुटू शकतो, नाहीतर चेन अडकून मागचं चाक जाम होऊ शकतं. या चेनला आजचं रूप दिलं हान्स रेनॉल्ड यांनी. त्यांनी सोडवलेलं कोडं समजलं, की चेन कशी बसवायची हेही समजतं.

कोण होते रेनॉल्ड?

त्यांचा जन्म १८५२ चा, स्वित्झर्लंडमधल्या आराऊ गावचा. एकविसाव्या वर्षी, १८७३ मध्ये ते इंग्लंडला मँचेस्टरमध्ये आले. ते कापड गिरण्यांचं शहर होतं. १८७९ मध्ये त्यांनी शेजारच्या सॅल्फर्डमधला जेम्स स्लेटर यांचा छोटा चेन कारखाना विकत घेतला. तिथे गिरण्यांतल्या यंत्रांसाठी चेन बनत.

कोडं काय होतं?

जुन्या चेनमध्ये पिन थेट पट्टीच्या भोकात फिरायची. पट्टी पातळ, त्यामुळे सगळा भार इवल्याशा जागेवर यायचा आणि भोक झपाट्याने मोठं व्हायचं. १८८० मध्ये रेनॉल्ड यांनी पिनवर एक नळी, म्हणजे बुश बसवला आणि त्यावर मोकळा फिरणारा रोलर. बुशमुळे भार पिनच्या मोठ्या भागावर पसरला. रोलरमुळे स्प्रॉकेटच्या दातावर घासणं कमी झालं. कल्पना साधी होती, पण चेनचं आयुष्य तिने बदललं. आपल्या साखर कारखान्यांत ऊस पुढे नेणाऱ्या कॅरियरच्या अवजड चेनमध्येही पिन आणि बुशचं हेच तत्त्व आहे.

सायकल ते विमान

चेन नव्हती तेव्हा सायकलचं पॅडल थेट पुढच्या चाकाला असायचं. वेग हवा तर चाक माणसाच्या छातीएवढं लागायचं. चेन आली आणि दातांची संख्या बदलून वेग साधता येऊ लागला. १८८५ च्या रोव्हर सायकलने दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन ही मांडणी रूढ केली. तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचं सायकलचं दुकान आपल्या शेजारच्या बेळगावात सुरू झालं. १९०३ मध्ये राइट बंधूंच्या विमानाचे पंखेही इंजिनाने चेनवरच फिरवले.

रेनॉल्ड एका शोधावर थांबले नाहीत. १८९५ मध्ये त्यांनी कमी आवाजाची दातेरी चेन आणली. कामगारांसाठी ४८ तासांचा आठवडा लवकर स्वीकारणाऱ्या इंग्लंडमधल्या कारखानदारांत ते होते. १९३० मध्ये त्यांची कंपनी कॉव्हेंट्रीच्या चेन कंपनीत विलीन होऊन एक मोठी कंपनी झाली. १९४३ मध्ये, नव्वदीत, त्यांचं निधन झालं.

मग आपल्या बाईकचं काय?

१. दातांचं गणित : पुढे १३ आणि मागे ५० दात असतील तर गुणोत्तर ३.८५. पुढचा १४ दातांचा लावला तर ३.५७. त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे ७ टक्के कमी. हायवेवर इंजिन निवांत चालतं, चढावर मात्र ओढ थोडी कमी होते.

२. ढिलाई : डर्ट बाईकचं सस्पेन्शन खूप खाली-वर होतं. पुढचा स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा अॅक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत घट्ट होते. सीटवर वजन टाकून ही स्थिती आणा. तिथेही थोडी ढिलाई उरली पाहिजे. नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. जास्त कसलेली चेन गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते.

३. लांबी : चेन 'ताणली' असं आपण म्हणतो, पण खरं तर पिन आणि बुश झिजतात. रेनॉल्ड यांनी सांभाळलेली जागा तीच. झिजलेली चेन नव्या स्प्रॉकेटवर चढवू नका, दोन्ही एकत्र बदला.

४. क्लिप : जोडकडीच्या क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या बाजूला हवं. उघडं टोक पुढे असेल तर क्लिप निघू शकते.

५. निगा : ओ-रिंगवाली चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश टाळा. रिंग खराब झाली की आतलं ग्रीस जातं. गगनबावड्याच्या चिखलातून आल्यावर चेन धुऊन, वाळवून तेल द्या.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. फक्त शर्यतीसाठी बनलेल्या आणि रस्त्याची मान्यता नसलेल्या बाईकला लाईट आणि आरसे लावले म्हणून एमएच-०९ ची पाटी मिळत नाही. त्यामुळे खर्च करण्याआधी कागदपत्रं तपासा आणि आरटीओत विचारून घ्या. कागद ठीक असतील, तर पुढचं पहिलं काम चेन तपासण्याचं.